जर्मनीतला पहिला दिवस: नागपूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की माझ्या फोनवर हे प्रश्न सुरू होतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे कधी कॉलेजचे ज्युनियर, कधी आईच्या भिशीतल्या काकूंची मुलं. रात्री अकरा वाजता "बेटा, जागी आहेस का" असं लिहिणारे बाबा लोकही त्यात असतात. तेच उत्तर दहा वेळा टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं इथे मांडलं आहे. मी नागपूरची, मास्टर्स कार्ल्सरूहला केलं, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची येतील. प्रवेश, एपीएस (पदवी-गुणपत्रिकांची पडताळणी), व्हिसाची मुलाखत यातलं इथे काही नाही. विमान उतरल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेपर्यंतच्या गोष्टी, आणि त्या सुरळीत व्हाव्यात म्हणून घरून निघण्याआधी काय करायचं, एवढंच आहे.

१. ताई, पोचल्या दिवशीच सगळी कामं आटपून टाकायची का?

नाही. चारच कामं: खोलीची किल्ली घेणं, घरी कळवणं, पोटात काहीतरी ढकलणं आणि झोपणं. बँक, सिम, नोंदणी, विद्यापीठाचं ओळखपत्र यातलं एकही काम त्या दिवशी झालं नाही म्हणून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. प्रवासाने डोकं बधिर झालेलं असताना केलेल्या सह्या मात्र निस्तराव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एका पोट्ट्याने उतरल्या दिवशी स्टेशनबाहेरच्या दुकानात "स्वस्त आहे" म्हणून मोबाइलच्या करारावर सही केली. करार दोन वर्षांचा निघाला.

२. कोणत्या वारी पोचलेलं बरं? शुक्रवारचं तिकीट स्वस्त मिळून राहिलं आहे.

तिकीट शोधताना सगळे भाडं बघतात. तुम्ही आधी हाउसमाइस्टरची वेळ बघा. हाउसमाइस्टर म्हणजे वसतिगृहाची देखभाल करणारा माणूस. बहुतेक ठिकाणी खोलीची किल्ली त्याच्याच हातून मिळते, आणि तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांतच भेटतो. शनिवार-रविवारी तो नसतो.

मी शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला वसतिगृहाच्या दारात उभी होते. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर लॅपटॉप, हातात आईने दिलेली शंकरपाळ्यांची पिशवी. ऑफिसच्या काचेला आतून चिकटपट्टीने एक कागद लावला होता. त्यातलं मला एकच कळलं, 'मोन्टाग' आणि पुढे नऊचा आकडा. सोमवारी नऊ. ते तीन दिवस मी प्रवाशांसाठीच्या एका होस्टेलमध्ये सहा जणींच्या खोलीत काढले आणि शुक्रवारच्या तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच गेले. रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत होतं, पण "बंद म्हणजे नागपूरसारखं अर्धं शटर वर असेल" असं वाटलं होतं. तसं काही नसतं. रविवारचं जेवण म्हणजे शंकरपाळे.

म्हणून सोमवार रात्रीचं विमान आणि मंगळवारी सकाळी उतरणं, किंवा बुधवार-गुरुवार. येण्याआधी वसतिगृहाला ईमेल करून किल्लीची वेळ लेखी ठरवून घ्या. उशीर झाला तर पेटीतून किल्ली घेण्याची सोय काही ठिकाणी असते, पण ती आधी मागावी लागते. सुट्ट्याही बघा. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. १ नोव्हेंबरला बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बायर्न, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन अशा काही राज्यांत सुट्टी असते. एवढं करूनही रविवारीच पोचणार असाल, तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात हे लक्षात ठेवा.

३. हातातल्या बॅगेत कोणते कागद ठेवू? बाबा म्हणतात सगळंच ठेव.

बाबांचं बरोबर आहे, फक्त क्रम लावा. सगळ्यात वर पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ज्यात आधीच भरून ठेवतात त्या खात्याचं) प्रमाणपत्र, विम्याचा कागद, आणि राहण्याच्या जागेचा करार किंवा पत्ता. त्याखाली मूळ गुणपत्रिका, पदवी, एपीएस आणि पासपोर्ट फोटो. हे मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका (का, ते प्रश्न १७ मध्ये). वसतिगृहाचा पत्ता आणि हाउसमाइस्टरचा नंबर एका साध्या कागदावर हाताने लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. फोन संपला की क्लाउडमधली पीडीएफ कामाची नसते.

४. इमिग्रेशनवर काय विचारतात? जर्मन बोलावं लागतं का?

इंग्रजी चालतं. "कशासाठी आलात, कोणत्या विद्यापीठात, कुठे राहणार", बहुतेक एवढंच. पाठ केलेलं भाषण देऊ नका. विचारलं तेवढंच सांगा, मागितला तर कागद पुढे करा. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे जात असाल तर शेंगेनमधल्या (आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांतल्या) प्रवेशाची तपासणी तिथेच होते, जर्मनीत नाही. तिथे रांग लांब असते, म्हणून पुढच्या विमानापर्यंत दीड तासाचं अंतर घेऊ नका.

रोख १०,००० युरो किंवा जास्त असेल तर कस्टम्सला आपणहून सांगावं लागतं. विद्यार्थ्याकडे तेवढी रोख असण्याचं कारणच नाही, पण लग्नघरासारखं "असू दे जवळ" म्हणत पाकिटं देणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

५. मग रोख किती न्यावी? ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तर पैसे भरलेत.

भरलेत, पण ते पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. ते दर महिन्याला तेवढेच सुटतात, आणि पहिला हप्ता सुटण्याआधी चालू खातं उघडून ब्लॉक्ड अकाउंट सुरू करून घ्यावं लागतं. त्यात एक-दोन आठवडे सहज जातात, आणि त्याच दिवसांत भाडं, अनामत, विमा, गादीवरची चादर, सगळं समोर येतं.

माझं मत: तीनशे-चारशे युरो रोख, त्यातही वीस आणि दहाच्या नोटा, आणि बाकी फॉरेक्स कार्डवर (परकीय चलन भरलेलं प्रीपेड कार्ड) इतके की महिनाभर ब्लॉक्ड अकाउंटकडे बघावं लागू नये. शंभराची नोट बेकरीत काढलीत तर समोरची बाई तुमच्याकडे बघेल. आणि कार्ड सगळीकडे चालतं हा गैरसमज घरीच सोडा. जर्मनीत आजही काही छोट्या दुकानांत फक्त रोख चालते.

६. सिम विमानतळावरच घेऊ का?

घेऊ नका, महाग पडतं. प्रीपेड सिमला २०१७ पासून ओळखपत्राची पडताळणी लागते. ती व्हिडिओ कॉलवर किंवा दुकानात होते आणि कधी अडकतेही. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी नागपूरहूनच ई-सिम घेऊन निघा. फोन त्यासाठी चालतो का, ते मात्र आठवडाभर आधी तपासा.

भारतीय सिम काढून फेकू नका. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि फॉरेक्स कार्ड रिचार्ज करताना बाबा तिकडे, तुम्ही इकडे, दोघं एकमेकांना ओरडत बसाल. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा.

७. माझी मुलगी चाललीय. ती उतरल्यावर तिचा फोन नाही आला तर आम्ही काय करायचं?

काकू, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून निवांत लिहिते. विमान उतरल्यापासून पहिला मेसेज येईपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. विमानातून बाहेर यायला वेळ लागतो, मग इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, मग वायफाय. दुबईमार्गे असेल तर तिथून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येईल, कॉल लागणार नाही. ते संयुक्त अरब अमिरातीतल्या नियमामुळे, मुलीमुळे नाही.

वेळेचा हिशेबही आधी करून ठेवा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, बाकी वर्षभर साडेचार तास. म्हणजे सप्टेंबरमध्ये ती सकाळी सातला उतरली, तर तुमच्याकडे साडेदहा झालेले असतील.

निघण्याआधी दोन गोष्टी ठरवा. एक, ती कुठून कुठून मेसेज करणार: बॅगा मिळाल्यावर, ट्रेनमध्ये बसल्यावर, खोलीत शिरल्यावर. दोन, तिथल्या कुणा एकाचा नंबर तुमच्याकडेही हवा, म्हणजे फोन बंद पडला तरी एक धागा राहतो. आणि दर वीस मिनिटांनी व्हिडिओ कॉल करू नका. त्यानेच तिची बॅटरी संपते. माझ्या आईने मी इमिग्रेशनच्या रांगेत असताना चौदा मिस्ड कॉल दिले होते.

८. विमानतळावरून शहरात कसं जायचं? टॅक्सीच बरी ना, बॅगा असतात?

टॅक्सी नको, रेल्वे. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन वेगळी स्टेशनं आहेत. टर्मिनल १ च्या खाली स्थानिक गाड्यांचं, आणि थोडं चालून पुढे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं. एस ८ आणि एस ९ या गाड्या खालच्या स्टेशनवरून साधारण पाव तासात फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनला पोचवतात. कार्ल्सरूह, कोलोन, श्टुटगार्टकडे जाणाऱ्या आयसीई या वेगवान गाड्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून सुटतात. चुकीच्या स्टेशनवर उभं राहून आपली गाडी का येत नाही म्हणून बघत बसणारे मराठी चेहरे मी दरवर्षी पाहते.

आयसीईचं स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच चालतं. विमान उशिरा आलं आणि ती गाडी चुकली, तर तिकीट गेलं. म्हणून त्या एका दिवसासाठी कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या, महाग वाटलं तरी. नाहीतर विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत चार तास ठेवा.

स्टेशनवर फाटकं नसतात, तिकीट कुणी तपासत नाही असं वाटतं. साध्या कपड्यांतला माणूस अचानक उभा राहतो आणि दंड ६० युरो असतो. काही शहरांत तिकिटावर प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. न मारलेलं तिकीट विनातिकीटच धरतात. "मी आजच आले" हे कारण तिकीट तपासणीस रोज ऐकतो.

डॉइचलांडटिकेट (देशभर स्थानिक गाड्या-बसना चालणारं तिकीट) पहिल्या दिवशी काढायच्या भानगडीत पडू नका. ते मासिक वर्गणीचं असतं, आयसीईला चालत नाही, आणि अनेक विद्यापीठांच्या सत्र शुल्कात विद्यार्थ्यांचं तिकीट आधीच धरलेलं असतं. आधी ते विचारा.

९. आई संत्री, तूप, पेढे आणि सावजी मसाला देऊन राहिली आहे. चालेल ना?

मसाला चालेल, बाकीचं नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात येतं. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट आहे ती फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे नागपूरकराला केळी नेता येतात, संत्री नाही. वडीलधाऱ्यांना हे पटवणं हे पूर्ण प्रवासातलं सगळ्यात अवघड काम. ताजा कढीपत्ताही तसाच अडकतो. वाळवून, चुरून नेलेला बरा.

आता सावजी मसाल्याबद्दल. घरी कुटलेल्या मसाल्यात खसखस असते. जर्मनीत खसखस बेकरीत पावावर सर्रास लावलेली दिसते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेला पदार्थ आहे. दुबई, अबू धाबी किंवा शारजामार्गे जात असाल तर खसखस सुटी नको आणि मसाल्यातही नको. इतवारीत मसाला कुटून घेताना आधीच सांगा, "खसखस टाकू नका." चवीत फरक पडतो, मान्य आहे. तो फ्रँकफर्टच्या दुकानातून खसखस घेऊन भरून काढता येतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच काढायला लावतात. खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं.

बिनधास्त नेण्यासारखं: हळद, तिखट, गोडा मसाला, पापड, चिवडा, शंकरपाळे (तेलातले), लोणचं. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवा. दोन पिशव्या पुरतात असं माझंही मत होतं. माझ्या एका पांढऱ्या कुर्त्याचं मत आता वेगळं आहे.

१०. खोलीत शिरल्यावर पहिलं काम कोणतं?

बॅग उघडायच्या आधी फोटो. भिंतीवरचे डाग, गादी, टेबलाचे कोपरे, बेसिन, खिडकीची काच, चुलीचा पृष्ठभाग. खोली देताना हाउसमाइस्टर 'युबरगाबेप्रोटोकोल' नावाचा कागद देतो. खोलीची अवस्था काय होती त्याची ती नोंद असते. त्यावर सही करण्याआधी दिसेल ते लिहायला लावा, अगदी नळ गळतोय हेसुद्धा. जाताना अनामत परत मिळते ती याच कागदावरून. "एवढंसं काय सांगायचं" हा नागपुरी भिडस्तपणा इथे महाग पडतो.

११. खोलीचं दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली. आता?

हा प्रश्न मला प्रत्यक्ष रात्री दहाला आला होता, म्हणून इथे. जर्मन दारं बहुधा बाहेरून नुसती ओढली की लागतात, आणि बाहेरच्या बाजूला मूठ असते, खटका नसतो. कचरा टाकायला, शेजारी साखर मागायला, बाथरूमला जाताना सुद्धा किल्ली गळ्यात. आपल्या घरी दार लोटून शेजारच्या काकूंकडे जातो तशी सवय इथे चालत नाही.

अडकलात तर आधी हाउसमाइस्टर, मग वसतिगृहाच्या सूचना फलकावरचा आणीबाणीचा नंबर. इंटरनेटवर सापडलेला पहिला कुलूपवाला बोलावू नका. रात्री आणि रविवारी ते मनाला येईल ते बिल लावतात. बोलवावाच लागला, तर येण्याआधी एकूण रक्कम फोनवर ठरवून घ्या.

१२. खिडकी तुटली वाटते! वरून आत कलंडली आहे.

तुटलेली नाही. जर्मन खिडकीचा दांडा आडवा केला की ती दारासारखी उघडते, आणि वर केला की वरच्या बाजूने आत झुकते. हवा येण्यासाठीच तशी असते. दांडा अर्धवट फिरवून ओढू नका.

भिंतीजवळच्या हीटरवर १ ते ५ आकडे असतात. ते वेग नाहीत. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवून खोली लवकर गरम होत नाही, बिल मात्र होतं. बर्फाच्या ताऱ्याची खूण म्हणजे फक्त पाइप गोठू नयेत एवढी ऊब. मे महिन्यातल्या नागपुरात वाढलेल्या माणसाला ऑक्टोबरातही ३ कमी वाटतो, त्यावर उपाय स्वेटर.

बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर फरशीला मोरी नसते. बादलीने धुण्याचा उत्साह दाखवलात तर पाणी खालच्या मजल्यावर जाईल. कमोडला जेट नसतो, प्लास्टिकचा लहान मग बॅगेत ठेवा. याबद्दल कुणी विचारत नाही, पण पोचल्यावर पहिला मेसेज याचाच असतो.

१३. कुकर नेऊ का? आणि पहिल्या दिवशी वरण-भात करता येईल ना?

कुकर न्या, पण स्टीलचा. वसतिगृहात इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला ते ओळखतच नाही. चुंबक चिकटतो असंच भांडं चालतं. साध्या काचेच्या विजेच्या शेगडीवर दोन्ही चालतात, बूड सपाट हवं.

वरण-भात जरूर करा, पण पहिल्या दिवशी फोडणी नको. मोहरी तडतडली, मिरची करपली आणि धुराचा गजर वाजला, की अख्खा मजला चपला घालून खाली उभा राहतो. काही इमारतींत गजर थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि विनाकारण आल्याचं बिल फोडणीवाल्याला येतं. स्वयंपाकघराची खिडकी आधी उघडा, दार बंद ठेवा म्हणजे धूर मार्गिकेत जाणार नाही, आणि तेल कमी तापवा. गजराला पिशवी बांधू नका. ते पकडलं जातं आणि बेकायदा आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. कुकरच्या शिट्ट्या त्याआधी.

१४. नळाचं पाणी प्यायचं? बाटल्या कुठे मिळतील?

नळाचं पाणी पिण्याचंच असतं, उकळायची गरज नाही. मी पहिले दोन दिवस भीत भीत प्यायले. दुकानातली एकदाच वापरायची बाटली घेतलीत तर तिच्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते, ती बिलात वजा होते. चेपू नका. आणि 'श्टिल' लिहिलेलीच घ्या, नाहीतर सोडा निघेल.

१५. प्लगसाठी काय?

वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच. दोन बारीक पिनांचा मोबाइल चार्जर सरळ बसतो. तीन पिनांचा बसत नाही. एक चांगला अ‍ॅडॉप्टर आणि नागपूरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, सगळं एकाच अ‍ॅडॉप्टरवर चालतं. त्यावर हीटर किंवा इस्त्री लावू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

१६. पत्रपेटीवर नाव लावा म्हणतात. त्यात एवढं काय?

खूप काही. जर्मनीत पत्र फ्लॅटच्या नंबरावर नाही, नावावर येतं. पेटीवर आणि बेलवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, कर ओळख क्रमांक हे सगळं कागदी पत्रानेच येतं. म्हणून कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी घरून न्या आणि त्याच संध्याकाळी लावा.

नाव कोणतं? आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, मग आडनाव. कार्यालयं कधी वडिलांच्या नावाने हाक मारतात, कधी आडनावाने. पट्टीवर तिन्ही लिहा. मला सहा महिने वडिलांच्या नावाने पत्रं आली आणि ती पोचली ती याच पट्टीमुळे.

पहिल्या पत्रांत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या प्रसारण शुल्काचंही पत्र असेल, महिन्याला १८.३६ युरो. ते प्रत्येक घरामागे एकदाच भरायचं असतं. सामायिक फ्लॅटमध्ये असाल तर कुणी आधीच भरतं का ते विचारा.

१७. बॅग आलीच नाही तर?

बाहेर पडू नका. बॅगांच्या पट्ट्याजवळच विमान कंपनीचा किंवा त्यांच्या वतीने काम करणारा काउंटर असतो. तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि जर्मनीतला पत्ता द्या, नागपूरचा नाही. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करता येतो. मधल्या काळात घेतलेल्या ब्रश-कपड्यांच्या पावत्या ठेवा. हातातल्या बॅगेत एक जोड कपडे असतील तर रात्र निभते. कागद कुठे असायला हवेत ते प्रश्न ३ मध्ये आहेच.

१८. आन्मेल्डुंग पहिल्याच दिवशी करावं लागतं का? कुणी तरी दंड होतो म्हणालं.

नाही, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, महापालिकेच्या कार्यालयात. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने भरून दिलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' (तुम्ही तिथे राहता याचा दाखला) हा कागद लागतो. किल्ली घेतानाच तो मागून घ्या, हे मात्र पहिल्या दिवसाचं काम. अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत मिळत नसेल तर घेतलेल्या तारखेचा ईमेल जपून ठेवा. शक्य असेल तर नागपूरहूनच तारीख घ्या.

१९. खोली अजून मिळाली नाही, पंधरा दिवस मित्राकडे राहणार आहे. मग नोंदणी?

होस्टेल किंवा हॉटेलच्या पत्त्यावर नोंदणी सहसा होत नाही. मित्राकडे होऊ शकते, पण घरमालकाची संमती आणि वरचाच कागद लागतो. "कागद देतो, पैसे दे" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका. जिथे राहतच नाही तिथली नोंदणी बेकायदा आहे. थोडे दिवस असतील तर नोंदणी पक्की खोली मिळाल्यावर करा. बँकेचं काम तेवढं लांबेल, म्हणून प्रश्न ५ मधला पैशाचा हिशेब वाढवून घ्या.

२०. पोचल्या पोचल्या ताप आला तर?

जीवघेणं काही असेल तर ११२. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. पोलिसांसाठी ११०. साधी पॅरासिटामॉलसुद्धा इथे फक्त औषधांच्या दुकानात मिळते. रात्री त्यातलं एखादंच पाळीने उघडं असतं, ते कोणतं ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. स्वतःपुरती, तीन महिन्यांपर्यंतची औषधं आणता येतात. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. सरकारी विमा सत्रापासून लागू होतो, त्यामुळे आधी येत असाल तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा हवाच.

२१. व्हिसा २० तारखेपासून आहे, १९ ला रात्रीचं स्वस्त तिकीट घेऊ का?

शेंगेनच्या सीमेवर पाऊल कोणत्या तारखेला पडतं ते महत्त्वाचं. १९ ला रात्री भारतातून निघून २० ला सकाळी उतरत असाल तर ठीक. १९ लाच उतरणार असाल तर विमान कंपनी बसूच देणार नाही. उलट बाजूला, व्हिसा उशिरा मिळाला आणि वर्ग सुरू झाले असतील, तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला निघण्याआधी लिहा आणि प्रवेश निश्चितीची शेवटची तारीख लेखी वाढवून घ्या.

२२. आम्ही दोघंही सोडायला आलो तर चालेल का? मुलगा पहिल्यांदाच एकटा राहणार आहे.

यायला हरकत नाही, पण तुमचा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि वसतिगृहाच्या नऊ-दहा चौरस मीटरच्या खोलीत तिघं मावणार नाहीत. जवळ हॉटेल घ्या. काका, खरं विचाराल तर पोचवायला सोनेगाव विमानतळापर्यंत या आणि जर्मनी बघायला मेमध्ये या. तोवर त्याला कोणतं दुकान कधी बंद होतं ते पाठ झालेलं असेल, स्वयंपाकघरातला त्याचा कप्पा लागलेला असेल, आणि तुम्हाला रविवारी उपाशी बसावं लागणार नाही. येताना खसखस न घातलेला मसाला आणा.